बंदुकीची नळी आणि नागरिकाचा हक्क

हत्याराच्या नेमक्या कोणत्या भागाला हत्यार म्हणावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. तलवार म्हटली म्हणजे पाते आणि मूठ ही दोन्ही तीत आलीच. त्यांची फारकत करून विचार करण्याची गरज सामान्य माणसाला पडत नाही. परंतु कायदा करणाराचे तसे नसते. कोणती वस्तू घरात ठेवण्यास सरकारची अनुज्ञा लागेल व कोणत्या वस्तूस ती लागणार नाही, हे त्याला अक्षरांत बांधून द्यावे लागते. आणि त्या अक्षरांत राज्यकर्त्याचा प्रजेवर विश्वास किती, हेही नकळत उमटून जाते. प्रस्तुत लेखात आम्ही रिव्हॉल्व्हरच्या एका चमत्कारिक जातीपासून आरंभ करून, आमच्या भंडारा जिल्ह्याच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहोत.

रिव्हॉल्व्हरची रचना बहुतेक वाचकांस ढोबळ मानाने ठाऊक असते. मूठ, चाप व घोडा ज्यात बसविलेले असतात तो पोलादी सांगाडा; पाच-सहा काडतुसांची फिरती कोठी; आणि जिच्यातून गोळी बाहेर पडते ती नळी. अमेरिकेतील सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली या हत्याराचे पेटंट घेतले, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात यंत्रावर घडविलेल्या आपल्या पिस्तुलांचे भाग एकमेकांच्या जागी बसू शकतात, अशी प्रौढी त्याच्या बाजूने मिरविली गेली. तथापि पुढे बहुतेक रिव्हॉल्व्हरांत नळी मात्र सांगाड्याशी घट्ट जखडलेलीच असे. ती बदलणे हे कारखान्यातील कसबी कारागिराचे काम. मालकाच्या हातचे ते नव्हे.

ही अडचण १९६८ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्थापन झालेल्या डॅन वेसन या कंपनीने दूर केली. स्मिथ अँड वेसन या विख्यात पेढीच्या संस्थापकांपैकी एकाचा पणतू तिचा मालक होता, आणि नळी बदलण्याची युक्ती कार्ल लुईस नावाच्या कल्पक यंत्रज्ञाची होती. ती युक्ती ऐकावयास अगदी साधी आहे. बारीक नळी आट्यांनी सांगाड्यात फिरवून बसवावयाची. कोठी आणि नळी यांच्यामध्ये एक इंचाच्या हजारांश सहा भाग जाडीची पोलादी पट्टी धरून तेवढीच फट राखावयाची. मग नळीवर बाहेरचे जाड कवच सरकवावयाचे आणि नळीच्या तोंडाशी एक चाकी आवळून दोन्ही घट्ट करावयाची. फट फार मोठी राहिली तर दारूचा वायू वाया जातो. फार लहान राहिली तर कोठी अडकते. म्हणून त्या पट्टीला महत्त्व. नळी दोन्ही टोकांना ताणून धरली गेल्यामुळे नेमही उत्तम साधतो, असा अनुभव आला. एका पेटीत एक रिव्हॉल्व्हर आणि अडीच, चार, सहा व आठ इंचांच्या नळ्या असा संच विकला जाई. आखूड नळी लावली की ते खिशातले हत्यार. लांब लावली की लक्ष्यभेदाचे. पोलादी पत्र्याची कोंबडी ५० मीटरांवर, डुक्कर १०० वर, टर्की पक्षी १५० वर आणि मेंढा २०० मीटरांवर उभा करून तो पाडण्याचा जो खेळ तिकडे लोकप्रिय झाला, त्यात या लांब नळ्यांच्या रिव्हॉल्व्हरांनी मोठे नाव मिळविले.

आता योगायोग असा की, ज्या १९६८ साली ही कंपनी निघाली, त्याच साली अमेरिकेने बंदुकांच्या नियंत्रणाचा नवा कायदा केला, आणि त्यात हत्यार म्हणजे मुख्यतः सांगाडा, असे ठरविले. क्रमांक सांगाड्यावर, नोंद सांगाड्याची. सुटी नळी दुकानातून आणावयास तेथे सहसा कोणी नावगाव विचारीत नाही. आमच्याकडे नेमके उलटे आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याच्या भागांचाही समावेश केला आहे. म्हणजे तीच चार नळ्यांची पेटी भंडाऱ्यास आणून उघडली, तर व्याख्येच्या अक्षराप्रमाणे तीत एक शस्त्र नसून त्याची प्रत्येक नळी परवान्याच्या कक्षेत येते. नळी आखूड करावयाची झाल्यास त्यासही सहाव्या कलमान्वये निराळा परवाना लागतो. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी इतक्या भिन्न का झाल्या? याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरनजीक सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या अरबांच्या हाती तोड्याच्या लांब नळीच्या बंदुका होत्या. सीताबर्डी हातची गेल्यावरही हे अरब नागपूर शहर डिसेंबरअखेरपर्यंत लढवीत राहिले, यावरून त्या काळच्या बंदुकीची आणि ती धरणाराची योग्यता कळते. पुढे मे १८१८ मध्ये आप्पासाहेब इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले, आणि त्यांच्या नावाने वैनगंगेच्या खोऱ्यात उठाव झाला. त्यात कामठ्याचा जमीनदार चिमना पटेल हा प्रमुख होता. कॅप्टन गॉर्डन याच्या तुकडीने त्याच वर्षी कामठा घेऊन चिमना पटेलास कैद केले. हा कामठा पुढे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तो तिकडे गेला.

या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. चिमना पटेलाजवळची हत्यारे कोणी परवाना देऊन त्याला दिलेली नव्हती. जमीनदारीबरोबर शिपाई बाळगणे, घाट व वाटा राखणे आणि वेळ पडल्यास धन्यासाठी लढणे ही कामे ओघानेच येत. हत्यार हा तेथे हक्कही नव्हता आणि गुन्हाही नव्हता. ते एका सामाजिक कर्तव्याचे अंग होते. कामठ्याच्या पाडावानंतर हे कर्तव्य हळूहळू सरकारने आपल्याकडे घेतले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तर शस्त्र धरणारा एकच धनी उरला.

१८५७ च्या उठावाने इंग्रजांच्या मनाला जो धक्का बसला, त्यातून शस्त्रांचे कायदे निघाले. त्याच वर्षी आणि पुन्हा १८६० साली तात्पुरते कायदे झाले. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत कायमचा कायदा झाला. या कायद्याचे शल्य परवाना लागण्यात तितके नव्हते. युरोपियन मनुष्यास परवाना नको व या देशाच्या रहिवाशास तो हवा, यात ते होते. संस्थानिक व पदवीधारक मानकरी यांना सूट मिळे, परंतु ती मेहरबानी म्हणून. ज्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, त्याच्याच कचेरीच्या पायरीवर धानाच्या शेतकऱ्याने रानडुकरे हाकण्यापुरत्या ठासणीच्या बंदुकीसाठी अर्ज घेऊन उभे राहावे, असा तो प्रकार होता.

याविरुद्धची तक्रार काँग्रेसच्या अगदी बाल्यावस्थेपासूनची आहे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात तिचा ठराव झाला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्यांतल्या काळ्या कृत्यांत गणला जाईल, अशा आशयाचे उद्गार प्रत्यक्ष महात्मा गांधींनी काढले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ते काढावे यातच त्या अपमानाची खोली दिसते. १९२० च्या नियमांनी सूट देण्यातला वर्णभेद काढून टाकला, पण परवाना राहिलाच. अखेर मार्च १९३१ मध्ये कराची येथे मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क मान्य करण्यात आला.

येथवर कथा सरळ आहे: परकी सत्ता हत्यारे काढून घेते, प्रजा ती परत मागते. खरा पेच पुढेच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत मूलभूत हक्कांच्या मसुद्यावर चर्चा चालली असता, आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घालावा, अशी उपसूचना मांडली. कराचीच्या ठरावाची ती सरळ परिणती होती. तिला विरोध केला तो डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, कोणीही उठून बाजारातून वाटेल ते प्राणघातक साधन विकत घेऊ लागला, तर राज्य चालविणेच अशक्य होईल. आणि नागरिकाच्या बाबतीत आग्रह धरावयाचाच असेल, तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा. उपसूचना फेटाळली गेली. आज राज्यघटनेत नागरिकांना एकत्र जमण्याचा जो हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे. शस्त्राचा मान राखणारा उल्लेख आहे तो पंचविसाव्या कलमातील शिखांच्या कृपाणाचा.

कामतांचा पक्ष चुकीचा होता, असे आम्हांस म्हणवत नाही. जो हक्क परक्यापाशी सत्तर वर्षे मागितला, तो स्वराज्य येताच अनावश्यक कसा ठरला, ही त्यांची शंका प्रामाणिक होती, आणि तिचे पूर्ण निरसन आजही झालेले नाही. परंतु बाबासाहेबांच्या विरोधामागे जो अनुभव होता, तोही आपण विसरता कामा नये. ज्या गावात बंदूक पाटलाच्या, सावकाराच्या वा मालगुजाराच्या भिंतीवर टांगलेली असते, त्या गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाला ‘सर्वांना हत्याराचा हक्क’ या शब्दांचा अर्थ निराळाच ऐकू येतो. विकत घेण्याची ऐपत ज्याची, हक्क त्याचाच. हेच बाबासाहेब १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. कौल विरुद्ध गेला, पण बंदुकीशिवाय माणसाला बलवान करण्याचे जे एक साधन त्यांनी घटनेत घालून ठेवले होते, ते मतपत्रिकेच्या रूपाने या जिल्ह्यातील अगदी निर्धन स्त्रीपुरुषांच्याही हाती होते. आमच्या मते शस्त्राच्या हक्काबद्दल झालेल्या त्या वादाचे ते एक उत्तर आहे.

यानंतर १९५९ चा अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने १८७८ चा कायदा रद्द केला, पण त्याचा सांगाडा पुष्कळसा तोच ठेवला. बदलली ती नळी, असे विनोदाने म्हणता येईल. तथापि एक फरक महत्त्वाचा आहे. स्वसंरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी लांब नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना देण्याविषयी तेराव्या कलमात अधिकाऱ्यावर स्पष्ट बंधन घातले आहे. रिव्हॉल्व्हरसारख्या इतर शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. वाचकांनी येथे मापाकडे लक्ष द्यावे. लांब नळी उघड दिसते. ती खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला सारा गाव पाहतो. आखूड नळी सदऱ्याखाली लपते. कायदा घाबरतो तो हत्याराच्या जोरापेक्षा त्याच्या लपण्याला. म्हणूनच ज्या रिव्हॉल्व्हरची नळी घटकाभरात आठ इंचांवरून अडीच इंचांवर येऊ शकते, ते यंत्रकाराला कितीही मनोहर वाटले, तरी कायदेपंडिताच्या कपाळाला आठी घालणारच.

पुढील पायऱ्या थोडक्यात सांगतो. १९८३ साली एका माणसाने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीन झाली; २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. सैन्यात व पोलिसांत चालणारी मापे नागरिकास निषिद्ध असल्यामुळे या देशात खासगी रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुधा .३२ मापाचे, हे समीकरण होऊन बसले. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत वेब्ली वळणाचे ते तयार होते. २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या उपयोगाचे म्हणून तेथूनच निघाले. मौज अशी की, त्यात भरावयाचे काडतूस १८९६ साली त्याच स्मिथ अँड वेसन पेढीने प्रचारात आणलेले, जिच्या संस्थापकाच्या पणतवाने पुढे बदलत्या नळीचे हत्यार काढले. एकाच कुळातील एक वस्तू आमच्यापर्यंत पोचली, दुसरी कायद्याच्या उंबरठ्यावर थांबली.

भंडारा जिल्ह्यात मात्र रिव्हॉल्व्हरपेक्षा बंदुकीचीच कथा अधिक जिव्हाळ्याची आहे. तळी, धानाच्या बांध्या आणि त्यांना भिडलेले जंगल, अशी येथील भूमी. एके काळी जंगलखात्याची अनुज्ञा काढून साहेब, मालगुजार व त्यांचे पाहुणे येथे शिकार करीत, आणि गावकरी हाका घालीत. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचे युग संपवीत आणले. या अधिनियमाचे एक कलम असे आहे की, अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने आपल्या शस्त्राची नोंद वनखात्याकडेही करावी, आणि त्या टापूत नवा परवाना वनखात्याच्या संमतीवाचून देऊ नये. २०१३ साली कोका अभयारण्य जाहीर झाले, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पही झाला. पवनीकडे उमरेड-कऱ्हांडला आहेच. अशी दहा-दहा किलोमीटरांची वर्तुळे नकाशावर काढून पाहिली, म्हणजे जिल्ह्याचा किती भाग त्यांनी व्यापला हे ध्यानी येते.

या वर्तुळांच्या आत धान पिकविणारा शेतकरी आज दोन कायद्यांच्या मध्ये उभा आहे. एक कायदा म्हणतो, पीक राखावयास ठासणीची बंदूक माग. दुसरा म्हणतो, ज्याच्यावर ती रोखशील तो प्राणी माझ्या संरक्षणात आहे. निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, ती वेगळीच. रात्री मचाणावर बसून डबा वाजविणाऱ्या त्या माणसाला घटना परिषदेतील वाद ठाऊक नसेल. परंतु त्या वादाचा निकाल तो दर हंगामात भोगतो. वाघ वाचला पाहिजे, यात आम्हांस तिळमात्र संशय नाही. पण ज्याच्या हातातील साधन आपण काढून घेतो, त्याच्या पिकाची जबाबदारी आपल्याकडे येते, हा न्याय सरकारने आणि शहरवासी वन्यजीवप्रेमींनी दोघांनीही मनावर घेतला पाहिजे. नुकसानभरपाई वेळेवर मिळणे ही त्याबाबत मेहरबानी नव्हे, देणे आहे.

आता शेवटच्या मुद्द्याकडे वळू. १९५९ चा अधिनियम अमलात आल्यावर अवघ्या तीन आठवड्यांत चीनचे आक्रमण झाले. त्या धक्क्यातून संरक्षणसाहित्याचे जे कारखाने उभे राहिले, त्यांपैकी एक १९६४ साली भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे निघाला. सैन्याच्या तोफाबंदुकांना लागणारी दारू आणि स्फोटके येथे तयार होतात. म्हणजे ज्या जिल्ह्यात सुट्या नळीलाही परवाना लागतो, तेथेच साऱ्या देशाच्या नळ्यांचे खाद्य शिजते. २४ जानेवारी २०२५ रोजी या कारखान्यात भयंकर स्फोट झाला आणि आठ कामगार प्राणास मुकले.

त्या आठजणांपाशी त्या क्षणी कोणतेही हत्यार नव्हते. शस्त्राचा हक्क त्यांनी कधी मागितला असेल, असेही वाटत नाही. बाबासाहेबांनी ज्याला शस्त्राचे कर्तव्य म्हटले, ते मात्र ते रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन करावयास जात होते. आम्ही शस्त्राचा विचार करतो तेव्हा चाप ओढणारे बोट तेवढे आमच्या डोळ्यांपुढे येते. काडतुसात दारू भरणारा हात येत नाही.

कामठ्याच्या चिमना पटेलापासून जवाहरनगरच्या कामगारापर्यंत दोनशे वर्षांत हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात गेले: जमीनदाराकडून कंपनीकडे, कंपनीकडून बादशाही सरकारकडे, आणि तेथून आमच्याच प्रजासत्ताकाकडे. नागरिकाने ते आपल्याच राज्याच्या स्वाधीन करून ठेवले, हा सौदा एकंदरीत शहाणपणाचा झाला, असे आमचे मत आहे. आणि बदलत्या नळीचे ते सुंदर यंत्र आमच्या घरांत आले नाही, याची आम्हांस खंत नाही. परंतु प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतात. नागरिकाने आपली बाजू परवान्याच्या शिक्क्यासह पाळली आहे. मचाणावरील शेतकऱ्याचे पीक आणि दारूखान्यातील कामगाराचा जीव, ही दुसरी बाजू आहे. आणि ती पाळावयाची तर कोठी व नळी यांच्यामधील त्या फटीइतक्याच काटेकोरपणे पाळली पाहिजे.